'रिझर्व्ह' म्हणजे मागे राहणारे सैन्य नव्हे

रिझर्व्ह डिव्हिजन (राखीव सैनिकांची, हजारो जवानांची मोठी तुकडी) म्हणजे पिछाडीवर पहारा देणारी वयस्क माणसं, असं म्हटलं जातं. पहिल्या महायुद्धात तसं नव्हतं. 1914 च्या ऑगस्टमध्ये नियमित जर्मन पायदळ डिव्हिजनकडे 72 तोफा असत, रिझर्व्हकडे साधारण 36. पण दोन्ही पहिल्या फळीतच लढत.

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याची 6वी रिझर्व्ह डिव्हिजन घ्या. 16, 17, 20 आणि 21 क्रमांकाच्या चार रिझर्व्ह रेजिमेंट, त्यांत अपुऱ्या प्रशिक्षणाचे बरेच स्वयंसेवक. ऑक्टोबर 1914 च्या अखेरीस त्यांना थेट बेल्जियममधल्या ईप्रजवळ गेलुवेल्टच्या लढाईत झोकलं. 16व्या रेजिमेंटला टोकदार शिरस्त्राणांऐवजी लांडश्टुर्मच्या (वयस्कांच्या राखीव दलाच्या) टोप्या मिळाल्या होत्या. त्यामुळे ते ब्रिटिश वाटले आणि स्वतःच्याच बाजूने त्यांच्यावर गोळीबार झाला! 31 ऑक्टोबरला रेजिमेंटचे कर्नल लिस्टही मारले गेले. हिटलर याच रेजिमेंटमध्ये होता, म्हणून तिचंच नाव सतत निघतं आणि बाकीच्या तिघींवर अन्याय होतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे मार्च 1915 मध्ये फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलला याच डिव्हिजनने 12 तारखेच्या प्रतिहल्ल्यात भाग घेतला, आणि समोर ब्रिटिशांबरोबर भारतीय कोअरही (ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याचा मोठा गट) होती. जुलै 1916 मध्ये फ्रान्समधल्याच फ्रोमेलला या डिव्हिजनने ऑस्ट्रेलियन 5व्या डिव्हिजनचा हल्ला मोडून काढला. एका रात्रीत ऑस्ट्रेलियाचे 5,533 जवान मृत, जखमी वा बंदी झाले.