मिक्सिंगचं काम गावी राहून चालेल का? (देवगड तालुका)

वाडीतली

नमस्कार मंडळी. मी मूळची देवगड तालुक्यातली. सध्या अंधेरीतल्या एका स्टुडिओत असिस्टंट आहे. डबिंगचं एडिटिंग आणि गाण्यांच्या ट्रॅकची साफसफाई करते, आता वरिष्ठ छोट्या जाहिरातींचं मिक्सिंगही देऊ लागलेत. बाहेरची कामं मिळतात, ती रात्री भाड्याच्या खोलीत हेडफोनवर करते.

आई गावात एकटी असते. घराच्या मागे चिऱ्यांची एक खोली आहे, दहा बाय चौदाची. आंब्याचा सीझन संपला की तिथे रिकाम्या पेट्या पडून असतात, बाकी वापर नाही. तिथे येऊन फ्रीलान्स काम करायचं मनात आहे. मुंबईचं मिक्सिंग नेटवरून, आणि जमलं तर आपल्याकडची भजनं, गणपतीची गाणी.

पावसाळ्यात सामान टिकतं का? लाईट गेली की काय करता? आणि मुख्य म्हणजे गावाकडच्या कामाचे पैसे मिळतात का, की 'आपलीच माणसं' म्हणून ते फुकटात जातं? स्टुडिओतले सगळे म्हणतात, गेलीस की लोक विसरतील. घरभाडं वाचेल हे खरं, पण आईवर भार होऊन यायचं नाही मला.

सड्यावरचा, रत्नागिरी

पैशांचं दुसरं कोणी सांगेल, मी खोलीचं सांगतो. दहा फूट आणि चौदा फूट म्हणजे साधारण ५६ आणि ४० हर्ट्झला ही खोली घुमणार. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. म्हणजे एका जागी बसून बास भरपूर वाटेल आणि दोन फूट मागे सरकलीस की गायब होईल. आखूड भिंतीकडे तोंड करून, त्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर बसून बघ, तिथून पुढेमागे सरकत जागा नक्की कर. चारही कोपऱ्यांत किमान चार इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणाऱ्या दगडी तंतूंच्या लाद्या) लाव. ते भिंतीला चिकटवू नकोस, मागे दोन-तीन इंच जागा मोकळी सोड. बाससाठी ते बरं, आणि आपल्याकडे भिंतीला ओल येते तेव्हा बुरशीही धरत नाही.

छप्पर कौलांचं आहे की पत्र्याचं, ते लिहिलं नाहीस. पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर माइक उघडायचा विचार सोडून दे.

पायपेटी, कुडाळ

वाडीतली, वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतो. माझं घर याच कामावर चालतं, तेव्हा चालेल का याचं उत्तर 'चालेल' असंच आहे. पण मुंबईच्या कामावर भिस्त ठेवून येऊ नकोस. नेटवरून मिक्स करून देणारे देशभर पसरलेत, त्यात तू आणखी एक. अंधेरीत बसून जे कोणाला जमणार नाही ते काम इथे आहे, आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत. डबलबारीचा गजर, जाखडी, नमन, दशावतारातली पदं. यात पखवाज कुठे बसवायचा, झांज किती ठेवायची, बुवाच्या मागे कोरस किती लांब हवा, हे ज्याने लहानपणापासून ऐकलंय त्यालाच कळतं. हे काम 'जमलं तर' म्हणून ठेवू नकोस. धंदा त्यावर उभा कर आणि मुंबईचं काम वरकमाई धर.

आता इथली खरी अडचण. आपल्याकडे काम बारा महिने सारखं नसतं. दिवाळीनंतर जत्रा लागतात, दशावताराची मंडळं बाहेर पडतात, तिथून शिमग्यापर्यंत नमन-खेळे. तेव्हा काम असतं, पण विखुरलेलं. मोठा भर गणपतीचा, आणि त्या गाण्यांची आठवण मंडळांना येते आषाढात. म्हणजे आभाळ फाटलेलं, लाईटचा भरवसा नाही, रात्री बेडूक आणि रातकिडे, आणि त्यात सगळ्यांना महिन्याभरात गाणं हवं. शिवाय चामडं. दमट हवेत पखवाजाची शाईची बाजू उतरते, गठ्ठे ठोकून वर आणावी तर अर्ध्या गाण्यात पुन्हा खाली. धुम्याची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूची, कणीक लवकर सुकत नाही, ती एक बरी गोष्ट, पण घुमारा जातो तो जातोच. ढोलकीचंही तेच.

म्हणून मी गणपतीच्या गाण्यांचे आवाज मे महिन्यात घेतो. चाकरमानी तेव्हा गावात असतात, छप्पर शांत असतं, चामडं कडक असतं. मंडळांना मार्चमध्येच फोन करतो आणि मेमध्ये रेकॉर्डिंग केलं तर दर कमी, जुलैत जास्त, असं सरळ सांगतो. पहिल्या वर्षी लोक कुरकुरतात. दुसऱ्या वर्षी आपणहून तारीख मागतात, कारण फरक त्यांना ऐकूच येतो. मेमध्ये दिवसा लग्नाचे लाउडस्पीकर असतात, तेव्हा रात्री नऊनंतर बसायचं. मग जुलैत माझ्याकडे नुसतं मिक्सिंग उरतं, बाहेर पाऊस कितीही पडो. तुझ्या आंब्याच्या पेट्या मात्र नेमक्या मेमध्येच भरायच्या असतील, त्यांची सोय आधी बघ.

रेकॉर्डिंगचं थोडं सांगतो, कारण मुंबईत हे शिकवत नाहीत. भजनी मंडळींना वेगवेगळं गायला लावू नकोस, ती एकमेकांकडे बघून गातात. एकत्र बसव, पण झांजवाला बुवाच्या माइकच्या बरोबर मागे बसव, म्हणजे माइकची पाठ त्याच्याकडे. एसएम ५८ सारखा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. झांज एकदा आवाजाच्या ट्रॅकमध्ये घुसली की नंतर काढता येत नाही, ती काढायला गेलीस तर बुवाचे स आणि श पण जातात.

पेटी आली की आधी ट्यूनर लाव. जुनी पायपेटी बरोबर ४४० ला क्वचितच सापडते. एखादी ४४३ ला असते, म्हणजे साधारण १२ सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर). कीबोर्ड किंवा बासरी नंतर भरायची असेल तर कीबोर्ड पेटीला जुळवायचा, पेटी कीबोर्डला नाही. तेवढ्या फरकाने गाणं बेसूर झालंय असं कोणी म्हणत नाही, पण ऐकताना कुठेतरी खुपत राहतं आणि नाव मिक्सिंगचं खराब होतं.

मिक्स तपासायचा तो फोनच्या स्पीकरवर आणि स्वस्तातल्या ब्लूटूथ स्पीकरवर, कारण ही गाणी तिथेच वाजतात. फोनवर पखवाजाचा खालचा आवाज येतच नाही. बास वाढवून उपयोग नाही, थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर देणारा इफेक्ट) देऊन १५० ते ३०० हर्ट्झच्या भागात त्याची सावली तयार कर, मग थाप कळते. आणि लोक दुसऱ्याचं गाणं पाठवून 'एवढा मोठा आवाज पाहिजे' म्हणतील. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) वरचं गाणं स्वतःच खाली आणतं, त्याखालचं वर मात्र नेत नाही. मी एकच गाणं दोन प्रकारे मास्टर करून यूट्यूबवर खासगी ठेवलंय, ते ऐकवतो. दाबून मोठं केलेलं तिथे चपटं वाजतं. वाद संपतो.

पैसे. 'आपलीच माणसं' पैसे देतात, पण आकडा आधी ठरला तर. काम झाल्यावर आकडा सांगितला की नात्यात येतो. अर्धे तारीख घेताना, उरलेले फायनल वेव्ह फाइल देताना. त्याआधी एमपीथ्री, मध्येमध्ये बीप टाकलेली. मुंबईतल्या एका पार्टीने फायनल घेतलं, गाणं चढवलं आणि फोन उचलणं बंद केलं, तेव्हापासून हा नियम मी भावालाही लावतो. दुरुस्त्या दोनदा मोफत, तिसऱ्याचे पैसे. आणि मंडळातला एकच माणूस बोलणार, हे लिहून घे. मिक्स त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की झांजवाला म्हणतो झांज वाढवा, पेटीवाला म्हणतो पेटी वाढवा, आणि काकाची मतं वेगळी. ग्रामदेवतेच्या आरतीचे मी घेत नाही, पण तेही आधीच सांगतो, म्हणजे पुढच्या माणसाला तो दर वाटत नाही.

दर किती ते इथे लिहीत नाही, तो प्रत्येकाच्या खर्चावर आहे. वर्षाचा घरखर्च, वीज, नेट, हप्ते, सामानाची झीज यांची बेरीज कर आणि बाराने भाग. आलेला आकडा पंचवीस दिवसांनी भागू नकोस, बारा दिवसांनी भाग. बाकी दिवस फोनवर, वायरी बांधण्यात, बिलाच्या मागे आणि लाईटची वाट बघण्यात जातात. गणपतीत आलेले पैसे शिमग्यापर्यंत पुरवायचे असतात, हे आईलाही सांगून ठेव.

गाण्याची चाल तू बांधलीस तर आयपीआरएसची सभासद हो, ती गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर यांची, गाण्याची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे. नुसत्या मिक्सिंगला तिथे हिस्सा नाही. म्हणून मिक्सिंगचा सगळा मोबदला हातात घ्यायचा, 'गाणं चाललं की बघू' यावर काम करायचं नाही.

सामानाचं पटकन: कंडेन्सर माइक हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजायचे, परत निळे होतात. त्यासाठी वेगळा तवा ठेव, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, चौकोनी लहरीचा स्पीकरमध्ये करकरतो. वीज कडाडली की प्लग काढायचे आणि नेटची केबलही काढायची, राउटर त्याच वाटेने जातात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे लाईट बरेच दिवस नव्हती. मुंबईच्या पार्टीला आधीच सांगून ठेव की पावसाळ्यात दोन दिवस जास्तीचे धरा.

नेटचा हिशेबही कर. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातो. पाच मिनिटांचं चाळीस ट्रॅकचं गाणं पावणेदोन जीबी. अपलोड २ एमबीपीएस मिळालं तर दोन तास. तुझ्या वाडीत अपलोड किती मिळतं ते दिवाळीत आलीस की दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा मोज. डाउनलोड बघून खूश होऊ नकोस.

भजनी बुवा

चेडवा, ये गावाक. आमका रेकॉर्डिंगाक कोल्हापूर नायतर मुंबयक जावचा लागता. आठ-धा माणसा, पखवाज, पेटी, गाडीभाडा, जेवाण. त्या खर्चात हयसर दोन गाणी जातीत. एकच सांगतंय. गजर चढत जाता तेव्हा लय वाढता, ती वाढूकच व्हयी. आमच्या कानात टिकटिक लावू नको. एका स्टुडिओत तसा केल्यानी, आणि गजर उभोच रवलो नाय.

पायपेटी, कुडाळ

बुवांचं शंभर टक्के बरोबर. क्लिक न लावता पूर्ण गजर घे, नंतर सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप (कुठे लय किती, याची आखणी) गायकीवरून बांध. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही होतं. कीबोर्ड, साइड ऱ्हिदम सगळं त्या मॅपच्या मागून येईल. दोन तास जातात, पण ते दोन तास बिलात धर.

वाडीतली

पायपेटी दादा, सड्यावरचे दादा, बुवा, मनापासून आभार. छप्पर कौलांचं आहे, खाली लाकडी माळा आहे. मेमध्ये आवाज घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वाडीतलं भजनी मंडळ मेमध्ये पूर्ण जमतं, तेव्हा पहिली सुरुवात तिथूनच करता येईल, पेट्या पडवीत हलवते.

एकच राहिलं. गेल्या वेळी लॅपटॉप आणि स्पीकर गावी लावून बघितले तर सतत घुंऽऽ असा आवाज येत होता. वायरमन म्हणाला, प्लगची तिसरी पिन काढा, जाईल.

पायपेटी, कुडाळ

पिन काढू नकोस आणि कोणाला काढू देऊ नकोस. आवाज जाईल, पण उद्या एखाद्या यंत्रात बिघाड झाला की वीज माइकमधून गाणाऱ्याच्या ओठाला लागेल. तू उद्या बुवांना त्या माइकसमोर बसवणार आहेस.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐक. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेचा आहे. मग लॅपटॉप, इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा), स्पीकर सगळं एकाच बोर्डावरून घे आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल लाव. तरी राहिला तर मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांग. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग नीट नाही. तुमचं घर सड्यावर असेल तर जांभ्यात फूटभर खणून पट्टी पुरलेली असते, उन्हाळ्यात तो दगड कोरडा पडला की ती असून नसल्यासारखी. खोल खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून नवीन पाइप टाकून घे, आणि मार्च ते मे त्यात रोज बादलीभर पाणी ओतायला आईला सांग. वायरमन बदल. कणकवलीत माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे अर्थ टेस्टर आहे. मेसेज कर, नंबर देतो. खोलीला गिलावा करायच्या आधी त्याला बोलाव, म्हणजे वायरिंग भिंतीतून नेता येईल.