नाइट ड्यूटी, वॉर्डात मनगट रिकामं. मग फिटनेस बँड कोणता घेऊ?

मानेवाडा_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी ४३ वर्षांची, नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. फिटनेस बँड घ्यायचाय. बर्डीवर तीन दुकानं फिरले, तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच, "मॅडम, बजेट किती?" बजेट चार हजार. पण माझी अडचण पैशाची नाही, दिवसाची आहे.

वॉर्डात आम्ही कोपराच्या खाली काही घालत नाही. बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. हे बरोबरच आहे, पट्ट्याखाली काय काय साचतं ते मी पाहिलंय. पण त्याचा अर्थ असा की ज्या वेळी मी सगळ्यात जास्त चालते, नेमकं त्याच वेळी मनगट रिकामं असतं.

दुसरं म्हणजे ड्यूटी फिरती. नाइट रात्री ८ ते सकाळी ८. बाराच्या ठोक्याला पावलांचा आकडा शून्यावर येतो, म्हणजे माझी एक रात्र दोन तारखांत वाटली जाते. घरी येऊन पोराचा डबा, आईचं इन्सुलिन, आंघोळ, आणि साडेदहाला पडदे ओढून जी झोपते ती तीनपर्यंत. ही झोप मशीनला झोप वाटते का, हा माझा खरा प्रश्न आहे.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन सेलमध्ये दीड हजाराचं घड्याळ घेतलं होतं. नाडी, ऑक्सिजन, बीपी सगळं दाखवायचं. एक दिवस पोळ्या झाल्यावर ते पुसून सहज लाटण्याला बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला, गोल फिरला, आणि आकडे आले: नाडी ७८, ऑक्सिजन ९७, बीपी ११८/७६. लाटण्याचं! मी ओट्याशी उभी राहून तीनदा करून पाहिलं. दर वेळी वेगळे आकडे, आणि दर वेळी अगदी तब्येतीच्या माणसाचे. मला फार राग आला, कारण वॉर्डात नातेवाईक असंच मनगट पुढे करतात आणि विचारतात, "सिस्टर, घड्याळात तर बीपी नॉर्मल आहे, आता गोळी कशाला?"

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. मी खरंच किती चालते आणि नाइटनंतर किती झोपते. आईला शुगर आहे, माझं एचबीए१सी (शुगरची गेल्या तीन महिन्यांची सरासरी) या वेळी ६.१, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर आलं, म्हणून आता टाळाटाळ नको. भाऊ म्हणतो, शुगर दाखवणारं घड्याळ आलंय, तेच घे. कोणी वापरून पाहिलंय का?


फुटाळा_पहाटे_पाच

ताई, मी पळणारा माणूस. मिहानमध्ये नोकरी, आणि आठवड्यातून चार दिवस फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ. माझ्यासाठी घड्याळात स्वतःचं जीपीएस असणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मी फोन घरी ठेवतो. स्वस्त बँडवर "जीपीएस" लिहिलेलं असतं, पण त्यातले बरेच फोनचंच जीपीएस वापरतात. फोन खिशात नसेल तर अंतर पावलांवरून अंदाजाने काढतात. दुकानात हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पण तुमचा दिवस वाचला आणि वाटलं, तुम्हाला याचा काय उपयोग? वॉर्डात छताखाली जीपीएस काय करणार? त्यासाठी दोन-तीन हजार जास्त घालवू नका. आणि चार्जिंगचं पाहा. माझं दर दुसऱ्या दिवशी लावावं लागतं, मला चालतं. तुम्ही नाइटवरून येऊन पहिलं काम चार्जर शोधायचं करणार का? साधे बँड आठ-दहा दिवस आरामात जातात.


बर्डी_घड्याळवाला

बर्डीवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. आता निम्मं काम स्मार्ट घड्याळांचंच येते, म्हणून लिहून राहिलो.

लाटण्याचं सांगतो. मागचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषते. ठोक्यागणिक नसांत रक्त वाढते-कमी होते, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होते, त्यावरून नाडी मोजतात. चांगल्या घड्याळाला बरेचदा समजते की समोर कातडी नाही, ते गप्प बसते. हलक्यातलं थरथरीतूनच एक आकडा बनवून देते. त्यामुळे ताई, तुमची परीक्षा कामाची आहे. घेण्याआधी दुकानातच रुमालाची गुंडाळी करून त्याला बांधा आणि पाहा. जे आकडा देईल ते ठेवून या.

पाण्याचं: पाच एटीएम लिहिलं असेल तर हात धुणं, पाऊस, पोहणं चालते. त्याचा अर्थ पन्नास मीटर खोल बुडी असा नाही, तेवढा स्थिर पाण्याचा दाब सोसते एवढाच. गरम पाणी आणि साबण मात्र रबराच्या सीलचे दुश्मन. आंघोळीला काढूनच ठेवत जा.

आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! अ‍ॅपलच्या घड्याळाच्या कागदावर वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते. रस्त्यानं मनगटावर असलं तर तेवढं बिघडत नाही, अंगाचा आधार असते. पण उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवलं तर बॅटरी फुगून स्क्रीन वर उचलली जाते. दर जूनमध्ये असे पाच-सहा नग माझ्या टेबलावर असतात. तुम्ही ड्यूटीला जाताना काढून डिक्कीत टाकणार असाल तर तसं करू नका, लॉकरमध्ये ठेवा.

पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा, साध्या पिनेचा असला तर शंभर-दीडशेत दुसरा मिळते. कंपनीचा स्वतःचा खटका असला की मग तोच पट्टा शोधत फिरा. चार्जरचंही तेच. प्रत्येकाचा वेगळा.


मानेवाडा_सिस्टर

दादा, डिक्कीचं बरं सांगितलं. मी तेच करणार होते.

रविवारी भावाचं घड्याळ मागून आणलं. रुमालाला बांधलं तर काहीच दाखवलं नाही, नुसती रेघ. मग मला येतं ते केलं: डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या हाताची बोटं गळ्याशी ठेवून साठ सेकंद मोजले. बसून बोटांनी ७४, घड्याळात ७५. मग चार मजले चढून लगेच मोजलं, अर्धा मिनिट आणि दुप्पट. बोटांनी १२८, घड्याळ मात्र ९६वरच अडकलेलं. मिनिटभरानं ते १२० दाखवायला लागलं तेव्हा माझी नाडी ११०वर उतरली होती. म्हणजे बसल्या माणसाची नाडी त्याला जमते, धावपळीत ते मागे राहतं. एवढं कळलं तरी पुरे. वॉर्डात मी कोणाच्या घड्याळावर विश्वास ठेवणार नाही, आणि नातेवाइकांना आता कारणासकट सांगू शकेन.


कोळसाखाण_निवृत्त

बाई, मी ६७ वर्षांचा, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त. मुलीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं. रोज पहाटे जपानी गार्डनला जातो. माझा अनुभव कामी आला तर पाहा.

बायपासनंतर मेटोप्रोलॉलची गोळी सुरू आहे. ती नाडी वर जाऊच देत नाही. मी घामाघूम होईतो चालतो, नाडी ८८. घड्याळाच्या हिशेबात तो व्यायामच नाही. २२०मधून वय वजा करून ते माझी मर्यादा १५३ धरते आणि त्यावरून सगळं ठरवते. गोळीचं त्याला काय माहीत? दोन महिने मी उगाच जास्त जोर लावून राहिलो होतो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तेवढी चाल तुमच्यासाठी बरोबर. आता मी तेच पाहतो. तुमच्या वॉर्डात हृदयाचे पेशंट असतील तर त्यांना हे जरूर सांगा, फार माणसं आकड्यापायी जिवाला लावून घेतात.

आणखी एक. हिंगणा रोडनं स्कूटरवर एमआयडीसीपर्यंत गेलो तर घड्याळ दोन-अडीचशे पावलं फुकटात मोजते. खड्डे मोजते ते. तुम्ही गाडीनं येत-जात असाल तर तेवढी वजा धरा.


खिशात_ठेवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धरमपेठेत. सिस्टर, तुमचं उत्तर मनगटावर नाहीच. काही बँडची गोळी, म्हणजे मधलं यंत्र, पट्ट्यातून सुटी निघते आणि क्लिपमध्ये बसते. ती युनिफॉर्मच्या खिशात किंवा कमरेला लावा. नाडी मिळणार नाही, कारण कातडीला लागत नाही. पावलं मात्र मिळतील, आणि तुमच्या कामात मनगटापेक्षा चांगली मिळतील. स्ट्रेचर किंवा ट्रॉली ढकलताना दोन्ही हात दांड्यावर स्थिर असतात. मनगटावरचं यंत्र हाताच्या हेलकाव्यावर पावलं ओळखतं, ते बरीच सोडून देतं. कंबर प्रत्येक पावलाला हलतेच. अंगठीसारखे ट्रॅकरही आलेत, पण वॉर्डात अंगठीही चालत नाही, तेव्हा तो विषय सोडा.

रात्री बाराच्या शून्याचं काही करता येत नाही. रोजचा आकडा पाहू नका, आठवड्याची बेरीज पाहा. आणि दहा हजारांचं ओझं घेऊ नका. १९६५मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. तो आकडा त्या नावातून जगभर गेला, कोणा डॉक्टरच्या अभ्यासातून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात पावलं नाहीतच. मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं आहे. वॉर्डातलं चालणं थांबत-थांबत होतं. ६.१साठी अर्धा तास झपझप चालणं वेगळं काढलेलं बरं. त्या अर्ध्या तासाला गोळी परत पट्ट्यात घालून मनगटावर बांधा.

शुगरच्या घड्याळाबद्दल भावाला स्पष्ट सांगा, घेऊ नको. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४मध्ये इशारा दिला होता की सुई न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मंजुरी नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी वस्तू, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. तुमच्या आई इन्सुलिनवर आहेत. घड्याळाचा आकडा पाहून कोणी डोस बदलला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.


मानेवाडा_सिस्टर

शेवटचा मुद्दा मी भावाला रात्रीच फोन करून वाचून दाखवला. तो आईसाठीच ते मागवणार होता, ऑर्डर रद्द केली. या एका गोष्टीसाठी तुम्हा सगळ्यांचे आभार.

आज बर्डीवर जाऊन गोळी सुटी होणारा बँड घेतला, क्लिप धरून तीन हजार दोनशे. दुकानदारासमोर रुमालाच्या गुंडाळीला बांधून पाहिला. तो म्हणाला, "मॅडम, हे काय करता?" मी लाटण्याची गोष्ट सांगितली. त्यानं स्वतःच शेल्फवरून आणखी दोन काढून रुमालाला बांधले. एकानं ८१ नाडी दाखवली. तो थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग ते डब्यात परत ठेवलं. विकायला की परत पाठवायला, ते मी विचारलं नाही.

दुपारी इव्हनिंग ड्यूटीला खिशात घालून गेले. दोन ते आठ. बेड नंबर नऊचा पेशंट दोनदा सोनोग्राफीला नेला, त्यात एकदा लिफ्ट बंद. घरी येऊन पाहिलं तर ७,८४०. मी इतकी वर्षं म्हणत होते की सहा तासांत पाय भरून येतात, आणि घरचे म्हणायचे, "दवाखान्यात बसूनच तर असते." आकडा आईला दाखवला. ती काही बोलली नाही, गरम पाण्याची बादली आणून पायाशी ठेवली.

युनिफॉर्म मशीनमध्ये जाताना गोळी खिशात राहू नये म्हणून खिशाला बाहेरून लाल दोरा शिवून ठेवलाय. सोमवारपासून चार नाइट आहेत. दिवसाची झोप झोप म्हणून धरतो की डुलकी म्हणून, ते चार रात्रींनंतर इथेच लिहीन. झोपताना मनगटावर बांधायचा ना? कमरेला लावून झोप मोजतो का, हे तेवढं कोणी सांगा.


खिशात_ठेवा

मनगटावरच, आणि पट्टा एक भोक घट्ट. हाडाच्या उंचवट्यापासून दोन बोटं वर. उठल्यावर सैल करा, घामोळं येणार नाही.