बदली तासाला आठवी 'ब' आवरत नाही, काय करू?

तासिकावाली:
नमस्कार. बी.एड. झालंय, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेय. तोवर एका शाळेत प्रसूती रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी गणित शिकवते. माझे ठरलेले वर्ग नीट चाललेत. डोकेदुखी आहे ती बदली तासांची. कुणी रजेवर असलं की वहीत माझंच नाव, आणि बहुतेक वेळा आठवी 'ब', तोही मधल्या सुट्टीनंतर. नाव विचारलं की शेजारच्याचं सांगतात. तोंड मिटून 'हूं' असा आवाज काढतात, कोण ते कळत नाही. अर्धा वर्ग एकदम पाण्याला निघतो. पुस्तक उघडा म्हटलं की 'बाई, हा धडा झालाय'. ओरडून घसा बसलाय. परवा तर पर्यवेक्षक खिडकीतून बघून गेले.

जुना विद्यार्थी:
पहिल्याच दिवशी दोघांना रट्टे द्यायचे होते. आमच्या वेळी छडी दिसली तरी वर्ग चिडीचूप.

निवृत्त बाई, नाशिक:
दादा, तुमची वेळ गेली. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला बंदी. आणि या मुलीची नोकरी रजेपुरती. उद्या पालक तक्रार घेऊन आले तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? तासिकाताई, मुलांना वर्गाबाहेरही उभं करू नका. बाहेरचं पोर जिन्यावर धडपडलं तर वहीत त्या तासापुढे तुमचं नाव असतं.

वर्गशिक्षकांकडून कोणत्या बाकावर कोण बसतं ते कागदावर काढून घ्या. खोटं नाव सांगितलं की शांतपणे खऱ्या नावाने हाक मारायची. एकदा हे झालं की बातमी वर्गभर जाते.

मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावू नका. तो दोस्तांना सोडतो, भांडण झालेल्यांना लिहितो, मग उरलेला तास 'माझं नाव का लिहिलं' यातच जातो. पाण्याला जाणाऱ्याने डस्टर हातात घेऊन जायचं. डस्टर टेबलावर परत आलं की पुढचा. 'हूं'वाल्याला मुळीच शोधू नका, तुम्ही शोधावं हाच तर त्यांचा खेळ. बोलत बोलत मागच्या बाकांपाशी जा आणि तिथूनच शिकवा.

राहिला 'धडा झालाय'चा प्रश्न. झाला असेल, नसेल, वाद घालू नका. पुस्तक बाजूला ठेवा. तुम्ही गणिताच्या, मग कापरेकर आहेतच की! आमच्या देवळालीचे शाळामास्तर आणि गणिती, द. रा. कापरेकर. त्यांचा आकड्यांचा खेळ घ्या. एरवी 'हे परीक्षेला आहे का' विचारणारी पोरं यात गुंततात. प्रत्येकाने घरच्या गाडीचा चार आकडी नंबर घ्यायचा. आकडे उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. समजा 3524 :

5432 − 2345 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

पुढे कितीही करा, 6174च. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाही लागत नाहीत, म्हणून कुणाला सर्वांत जास्त लागल्या यावर चुरस लावा. वजाबाकीत हातचा चुकला की सात पायऱ्यांत 6174 येईलच असं नाही, मग पोरगं आपण होऊन वही तपासतं. मात्र बोलण्याआधी उदाहरण फळ्यावर लिहून टाका. सूचना ओरडून देत बसलात तर घसा पुन्हा बसेल.

तासिकावाली:
बाई, डस्टरचं उद्यापासूनच करते. पण गाडी नसलेली मुलं? आणि उत्तर तीनच आकडी आलं तर?

निवृत्त बाई, नाशिक:
गाडी नसेल तर ज्या एसटीने येतात तिचा नंबर, नाहीतर मनातले कोणतेही चार आकडे. उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य लावायचं. 1112 घेतलं तर 2111 − 1112 = 0999, मग 9990 − 0999. हे शून्य पोरं हमखास गाळतात, तेवढं फिरून बघा. आणि 1111 घेणारा एखादा निघतोच. त्याचं उत्तर शून्य. त्याला फळ्यापाशी बोलवून 'असं का झालं' ते वर्गाला सांगायला लावा. बहुधा मागच्या बाकावरचाच असतो तो.