दोष टाकीचा की गिझरचा?

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, डिसेंबरातली रविवार रात्र)

३०१ वहिनी: सेक्रेटरी, टाकीत परत बोअरचं पाणी सोडलंय काय? धाकटीचे गाल सोलालेत. नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटलेत, रात्रभर खाजवते.

१०४ काका: आमच्याकडं पण तेच. बादलीला आतनं पांढरं पुट धरलंय बघा. बोअरच.

सेक्रेटरी: नळ आला नाही त्या दिवशी थोडं मिसळलं, तेवढंच. मे महिन्यात तर नुसतं बोअरच होतं की! तेव्हा कुणाचे गाल सोलले? दरवेळी खापर सोसायटीवर.

२०२ मेडिकल दादा: सेक्रेटरींचं निम्मं बरोबर हाय. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर अंगावर राहतो, त्यानं चुरचुरतं. खरं आता पूर्वेकडनं कोरडं वारं सुटलंय, ते कातडीतला ओलावा ओढून घेतंय. मे महिन्यात तसं नसतं. वहिनी, आंघोळीचं पाणी किती कडक घेता?

३०१ वहिनी: वाफा येतात तेवढं. या थंडीत पोरीला गार पाणी घालू काय ओ?

२०२ मेडिकल दादा: गार कोण म्हणालंय? कोमट. तेलकट ताट कढत पाण्यानं कसं लख्ख निघतं, तसंच कातडीवरचं तेल निघून जातंय. पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटपायची. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. अंग घासून पुसायचं नाही, टिपायचं. आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम. तुम्ही कधी लावता?

३०१ वहिनी: शाळेला निघताना. तेही तोंडालाच.

२०२ मेडिकल दादा: मग महागाची बाटली घेऊन उपयोग काय?

५०१ गुरुजी: एक भर घालतो. आपल्या त्वचेचा सामू (pH) ५ च्या आसपास असतो, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. लहान मुलांसाठी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी मिळते, त्याचा साधारण ५.५ असतो. फेस कमी येतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नाही.

४०२ आज्जी: (नात टाइप करालेय) आमच्या वेळी बंबाचं पाणी कढत असायचं, कुणाचं काय बिघडलं नाही. डाळीचं पीठ नि हळद लावा म्हणावं.

२०२ मेडिकल दादा: आज्जी, तुम्ही आधी तेल जिरवत होता, ते विसरला काय? सोलल्या गालावर पीठ चोळलं तर आणखी कोरडं पडतंय.

३०१ वहिनी: मग मोहरीचं तेल? आमच्या जाऊबाई तेच लावतात.

२०२ मेडिकल दादा: नाजूक कातडीला झोंबतं. खोबरेल चालेल. २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून तळहातावर चोळून घ्यायचं. त्याहून साधं म्हणजे बिनवासाची पेट्रोलियम जेली. पातळ लोशनपेक्षा डबीतलं घट्ट क्रीम बरं. आणि स्वेटरच्या आत सुती घाला, लोकर टोचते.

१०४ काका: मी तर खाजेची ट्यूब लावतो. दोन दिवसांत गायब!

२०२ मेडिकल दादा: काका, त्यात स्टेरॉइड असतंय. थांबवलं की परत येतं, आणि रोज लावून कातडी पातळ होते. तोंडाला तर अजिबात नको. २०१८ पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी दिली नाहीत तर तुम्ही पलीकडनं आणता, ते मला ठाऊक हाय.

१०४ काका: बरं बरं. टाचांचं काय? ब्लेडनं तासतोय सध्या.

५०३ ताई: अगं बाई! काका, तुम्हाला शुगर हाय ना? ब्लेड टाका आधी. भेगेतनं रक्त किंवा पू दिसला तर सरळ डॉक्टर. नुसत्या भेगा असतील तर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. माझं माहेर खानापूरकडचं, आमच्याकडं प्रत्येक घरात असतंय. फिक्कट करडा गोळा, नखानं खरवडला तर मेणकट भुगा सुटतो. पळीत घालून दिव्यावर धरायचा, वितळला की बोटाला सोसेल एवढा निवू द्यायचा, मग भेगेत भरायचा. त्याआधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, नि नंतर सुती मोजे. मोजे विसरलात तर चादरीवर तेलाचे शिक्के. काकू ऐकवतील ते वेगळंच.

२०२ मेडिकल दादा: आणखी एक. घरात सगळ्यांनाच खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या, असं असेल तर ती थंडी नव्हे, खरूज. क्रीमनं जाणार नाही. सगळ्या घरानं एकदम औषध घ्यावं लागतं.

३०१ वहिनी: आमच्यात एकटीलाच हाय. उद्यापासून गिझर कमी करते.

सेक्रेटरी: म्हणजे टाकीचा विषय मिटला.

३०१ वहिनी: मिटला कसा? शेवटची कधी धुतली ती तारीख टाका ग्रुपवर.

५०३ ताई: मंगळवारी भाऊ येतोय. भिरंडेल कुणाकुणाला पाहिजे ते आत्ताच सांगा.

१०४ काका: दोन गोळे.

सेक्रेटरी: मला पण एक.

३०१ वहिनी: तारीख?