मदत हवी आहे: न्यूफाउंडलंडमधल्या फ्रान्सवे गावी बोटीने, सोबत आई

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आईला घेऊन कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फ्रान्सवे (नकाशात शोधताना फ्रान्स्वा) गावी जायचं जवळपास ठरलंय. गावाला रस्ता नाही, वस्ती शंभराच्या आत. नोव्हा स्कॉशियातल्या नॉर्थ सिडनीहून रात्रीची मोठी फेरीबोट, पोर्ट-ओ-बास्कहून गाडीने बर्जिओ (शेवटचे १५० किमी जवळजवळ निर्मनुष्य), तिथे गाडी ठेवून ग्रे रिव्हर गावावरून जाणारी छोटी प्रवासी बोट. इथवर माहिती जमली आहे.

अडतंय ते वाऱ्यापाशी. वारा किंवा धुकं वाढलं की बोट रद्द होते. जाऊन आलेल्यांनी हाताशी किती दिवस जास्तीचे ठेवले? मला वाटतं ते परतीच्या बाजूला ठेवावेत, कारण मोठ्या फेरीचं आरक्षण हुकलं तर ऑगस्टमध्ये दुसरं मिळणं कठीण.

आईचं बालपण खाडीकाठी तरीतून ये-जा करण्यात गेलं, त्यामुळे पाण्याची भीती नाही. गुडघे मात्र दुखतात. बर्जिओ सोडल्यावर उघडा समुद्र लागतो, तिथे बोट कितपत हलते? ओहोटीला धक्का आणि बोट यांत किती अंतर पडतं, चढायला शिडी असते की फळी? गावात गाड्या नाहीत, घरांमधून लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत. त्यांवर चढ-उतार आणि पायऱ्या किती?

आणखी एक, माझ्यासाठी सगळ्यात नाजूक. १९९२-९३ च्या कॉड मासेमारीबंदीनंतर या किनाऱ्यावरची माणसं पांगत गेली. ७५ टक्के रहिवाशांनी कौल दिला तर सरकार स्थलांतराचे पैसे देतं, मग गावाची वीज आणि फेरी बंद होते. लिटल बे आयलंड्स गावाचं २०१९ च्या शेवटी तेच झालं. अशा गावात पाहुणा म्हणून जाऊन "तुम्ही अजून इथे कसे?" असं विचारायची माझी अजिबात इच्छा नाही. लोक या विषयावर आपणहून बोलतात का? किराणाही बोटीनेच येतो, म्हणून तांदूळ, डाळ, पिठलं-भाकरीचं सामान सोबत नेणार आहे. गावकऱ्यांसाठी बर्जिओहून काय न्यावं, ताजी फळं-भाजी चालेल?

आरक्षण पुढच्या आठवड्यात करायचंय. बाकीचं सवडीने सांगा, पण धक्क्यावरच्या चढ-उताराचं कोणाला नक्की माहीत असेल तर ते आधी लिहा. आईला न्यायचं की नाही, ते त्यावरच ठरेल.