डॉज चार्जर सिक्सपॅक गाडी आत्ता घ्यावी की व्ही-८ ची वाट पाहावी?

मिशिगनकर
नमस्कार मंडळी. मुक्काम डेट्रॉइटजवळ, डोक्यात मसल कारचं जुनं खूळ. डॉजची नवी चार्जर सिक्सपॅक चालवून पाहिली. ३.० लिटरचं हरिकेन इंजिन, ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, ५५० एचपी. सुटते झकास, पण आवाज काही पोटात उतरला नाही. आता जो तो सांगतोय की याच बॉडीत हेमी व्ही-८, म्हणजे कंपनीचं जुनं गाजलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, येणार. थांबू का? बायको म्हणते, घ्यायची तर घे, नाहीतर विषय बंद कर.

टॉर्कराव
बाजारात तुरी चाललंय सगळं! कंपनी अजून हो म्हणालेली नाही.
पण अगदीच हवेतल्या गप्पा नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून डॉजची हेमीवाली शेवटची चॅलेंजर निघाली, तेव्हा लोकांनी हेमीचं तेरावंही उरकलं होतं. मग २०२४ च्या अखेरीस डॉजचा माजी बॉस, व्ही-८ वेडा टिम कुनिस्किस निवृत्तीतून परतला, जून २०२५ मध्ये डॉजच्याच घरातल्या रॅम पिकअपला ५.७ लिटरची हेमी परत आणल्याची घोषणा झाली, जुलैत अमेरिकेने मायलेजचे निकष मोडल्याचा दंड शून्यावर आणला. इच्छाही आहे आणि आडकाठीही कमी झालीय.
खरी गोम आकड्यांत आहे. ५.७ हेमी रॅममध्ये ३९५ एचपी देते, म्हणजे चार्जरच्या साध्या ४२० एचपीवाल्या हरिकेनपेक्षाही कमी. चॅलेंजरमधली ६.४ लिटरची हेमी घ्या, जिला ३९२ म्हणतात, ती ४८५. तीही ५५० च्या खालीच. मग सिक्सपॅकच्या वर बसणारी व्ही-८ म्हणजे सुपरचार्जरवाली (इंजिनात हवा दाबून भरणारी) ६.२ लिटरची हेलकॅट, ७०० एचपीच्या पुढची. ती आली तर किंमत काय असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. तुम्ही स्वस्त व्ही-८ ची वाट पाहत असाल तर माझ्या मते ती येणार नाही.

गॅरेजवाले काका
आकडे ठीक, पण लोक आवाजासाठीही पैसे मोजतात हो. ४८५ ची व्ही-८ ५५० च्या सहापेक्षा महाग लावली तरी घेणारे घेतील. माझी पैज ६.४ वर.
अडचण जागेची वाटते. ओळीतलं सहा लांब पण अरुंद, व्ही-८ आखूड पण रुंद. त्यात चार्जरला चारही चाकांना ताकद जाते, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलचे शाफ्ट इंजिनाच्या खालच्या भागातून वाट काढणार. हेमीचा ब्लॉक लोखंडी, हरिकेनचा अ‍ॅल्युमिनियमचा. गाडी आधीच दोन टनांच्या वर, आणखी वजन पडणार ते नेमकं नाकावर.

मिशिगनकर
काका, हेलकॅट तर बजेटच्या बाहेर. मग जुनी चॅलेंजर ३९२ बघू का? बर्फात चालेल?

टॉर्कराव
त्या गाडीत ताकद फक्त मागच्या चाकांना. चॅलेंजरमध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह फक्त व्ही-६ ला मिळायची. विंटर टायर चढवा आणि जपून चालवा. एकच गाडी बारा महिने वापरायची असेल तर सरळ ५५० वाली सिक्सपॅक घ्या. फक्त पेट्रोल ९१ ऑक्टेनचं भरा, कंजुषी नको.

सातारी_पिस्टन
इकडे भारतात काही मिळेल का? 😄

टॉर्कराव
चार्जर तर विसराच. २०१६ पासून काही वर्षं फोर्डने इथे ५.० व्ही-८ ची मस्टँग विकली होती, वापरलेली मिळाली तर बघा.

गॅरेजवाले काका
मिशिगनकर, ३९२ बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका म्हणावं. सकाळी थंड गाडी स्वतः सुरू करा, बॉनेट उघडून कान द्या. टिकटिक ऐकू आली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा) बोल्ट तुटलेला असतो. धातू तापून पसरला की फट बुजते. किंमत पाडून घ्या. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली तर लिफ्टर आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा संशय, तो खर्च मोठा, तिथून निघा. शक्य असेल तर मॅन्युअल शोधा, त्यात पेट्रोल वाचवायला चार सिलिंडर बंद करणारी, लिफ्टरची डोकेदुखी वाढवणारी यंत्रणाच नसते. आणि गाडी दक्षिणेकडच्या राज्यातली बघा. तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, खालून गंज पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.