‘एकतर्फी खटला’ की ‘गैरहजेरीतील खटला’?

प्रश्न : परदेशी पळून गेलेल्या आरोपीविरुद्ध आता ‘एकतर्फी खटला’ चालवता येतो, असे बातम्यांत वाचनात येते. फौजदारी खटल्याला ‘एकतर्फी’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, असे माझे मत आहे. ‘एकतर्फी’ हा दिवाणी न्यायालयातला रुळलेला शब्द आहे. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर दाव्याचे काम एकतर्फी चालते आणि ‘एकतर्फी हुकूमनामा’ होतो. पुढे पुरेसे कारण दाखवून तो रद्दही करून घेता येतो. तेथे दुसऱ्या बाजूने बोलायला खरोखरच कोणी नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५६ मध्ये मात्र, फरारी घोषित झालेल्या आरोपीने वकील दिलेला नसेल, तर बचावासाठी राज्याच्या खर्चाने वकील देण्याची तरतूद आहे. असा खटला चालवण्याआधी किमान ३० दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन अटक वॉरंटे काढणे, वर्तमानपत्रात सूचना देणे, नातेवाईक किंवा मित्राला कळवणे आणि घरावर नोटीस डकवणे आवश्यक असून, दोषारोप निश्चित झाल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज खटला सुरू करता येत नाही. म्हणून ‘आरोपीच्या गैरहजेरीत चाललेला खटला’ हेच वर्णन नेमके ठरते. (‘आरोपीच्या पश्चात’ असेही कोणी लिहितात, त्याने आरोपी वारल्याचा भास होतो.)

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ खाली फरारी आरोपीच्या गैरहजेरीत फक्त साक्षी नोंदवून ठेवता येत, आणि साक्षीदार पुढे मरण पावला, सापडेनासा झाला किंवा अशाच कारणाने त्याला हजर करणे शक्य नसले, तरच त्या वापरता येत. निकाल देता येत नसे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात टायगर मेमनसारखे फरारी आरोपी निकालाच्या कक्षेबाहेर राहिले, तर २००५ मध्ये पोर्तुगालहून आणलेल्या अबू सालेमला वेगळ्या खटल्यात २०१७ मध्ये दोषी ठरवण्यात आले.

पूरक शंका : मग आरोपीने हक्क ‘सोडला’ असे लिहावे का?

उत्तर : कायद्याने तसे केवळ मानले आहे, आणि तेही जातीने हजर राहण्याच्या हक्कापुरतेच. गृहनिर्माण संस्थांमुळे ‘मानीव अभिहस्तांतरण’ (बिल्डरने करून दिले नाही, तरी कायद्याने झालेले मानले जाणारे हस्तांतरण) हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे. त्याच धर्तीवर येथे ‘मानीव हक्कत्याग’ म्हणता येईल. नुसते ‘हक्क सोडला’ असे लिहिले की आरोपीने स्वतः तसे कळवल्याचा अर्थ निघतो. बचावाचा हक्क शिल्लक राहतोच; राज्यघटनेतील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात मोफत विधी सहाय्य हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानला आहे. मात्र अनुच्छेद २२(१) मधील ‘आपल्या पसंतीचा’ वकील आणि न्यायालयाने नेमून दिलेला, अशिलाशी कधीही न बोललेला वकील यांत मोठे अंतर आहे, आणि कलम ३५६ ची घटनात्मक कसोटी माझ्या मते तेथेच लागेल.

अशा फरारी आरोपीसाठी कायद्यात असलेला ‘उद्घोषित अपराधी’ हा शब्दही मला खटकतो, कारण दोष सिद्ध होण्याआधीच तो माणसाला अपराधी ठरवतो. बातमीत ‘फरारी घोषित आरोपी’ असे लिहावे. दोषसिद्धीनंतर त्यालाच ‘फरारी दोषी’ म्हणता येईल. त्याला अपील करायचे असल्यास अपील न्यायालयापुढे स्वतः हजर व्हावे लागते, आणि निकालापासून तीन वर्षे उलटल्यावर तेही करता येत नाही.